सी-शार्पमधून विंडोजचं सर्टिफिकेट स्टोअर: काही महिन्यांच्या वापरानंतर

आमचं सॉफ्टवेअर बिलांच्या पीडीएफवर डिजिटल सही करतं आणि एका एपीआयशी क्लायंट सर्टिफिकेट दाखवून बोलतं, दोन्हीकडे सर्टिफिकेट विंडोजच्या स्टोअरमधूनच (सर्टिफिकेट ठेवायची विंडोजची ठरलेली जागा) उचलायचं असतं, त्यामुळे डॉटनेटचा एक्स५०९स्टोअर हा क्लास गेले काही महिने रोज हाताखाली आहे. क्लास म्हणून तक्रार नाही. ओपन, फाइंड, क्लोज, चार ओळीत काम होतं. डोकं खातं ते त्याच्या आजूबाजूचं सगळं.

एक तर स्टोअर एकच नाहीये. करंट यूजरचं वेगळं, लोकल मशीनचं वेगळं, त्यात कोडमध्ये ज्याला 'माय' म्हणायचं ते स्क्रीनवर 'पर्सनल' म्हणून दिसतं. सर्टएमजीआर हे विंडोजचं सर्टिफिकेट बघायचं टूल उघडलं की आपल्या लॉगिनचं दिसतं, मशीनचं बघायला सर्टएलएम. आयआयएस या विंडोजच्या वेब सर्व्हरवरचा कोड अ‍ॅप पूलच्या (ज्यात वेब अ‍ॅप चालतं त्या प्रोसेसच्या) वेगळ्या यूजरने चालतो, त्याला तुमच्या पर्सनलमधलं काहीच दिसत नाही, म्हणून व्हिज्युअल स्टुडिओत मस्त चालतं आणि सर्व्हरवर काउंट शून्य.

बरं, लोकल मशीनमध्ये टाकलं, सर्टिफिकेट सापडलं, सहीला लागणारी गुप्त की आहे का ते सांगणारं हॅजप्रायव्हेटकी पण ट्रू आलं, आणि सही करताना 'कीसेट डझ नॉट एक्झिस्ट'! बहुतेक वेळा की जागेवरच असते हो, वाचायची परवानगी नसते. सर्टएलएममध्ये राइट क्लिक, ऑल टास्क्स, मॅनेज प्रायव्हेट कीज, आणि तिथे त्या अ‍ॅप पूलला फक्त रीड द्यायचं. 'एव्हरीवनला फुल कंट्रोल देऊन टाका' म्हणणारे हमखास भेटतात, त्यांना चहा पाजा पण ऐकू नका.

फाइंडचा शेवटचा पॅरामीटर व्हॅलिडओन्ली. ट्रू दिला तर नुसती मुदत नाही, सर्टिफिकेट कुणी दिलं याची विश्वासू रूटपर्यंतची अख्खी चेन तपासली जाते, म्हणजे आपणच बनवलेलं सेल्फ-साइन्ड टेस्ट सर्टिफिकेट एरर न देता गुपचूप गायब. सर्टिफिकेट ओळखायचा थंबप्रिंट ४० अक्षरांचा, पण विंडोतून कॉपी केला की कधीकधी पुढे एक न दिसणारं अक्षर चिकटून येतं, तेव्हा हेक्स सोडून बाकी सगळं कोडमध्येच गाळून टाका. आणि जुन्या उदाहरणांतली प्रायव्हेटकी प्रॉपर्टी नको, गेटआरएसएप्रायव्हेटकी वापरा, सीएनजी या विंडोजच्या नव्या क्रिप्टो व्यवस्थेतल्या की त्यानेच नीट मिळतात.

खरी मजा यूएसबी टोकनची. सीसीएने (डिजिटल सह्यांवर देखरेख करणारं सरकारी कार्यालय) १ जानेवारी २०२१ पासून क्लास २ ची सर्टिफिकेट बंद केल्यावर नवीन डीएससी (डिजिटल सहीचं सर्टिफिकेट) क्लास ३ चीच मिळते, आणि ती यूएसबी टोकनमध्ये असते. टोकन लावलं की ड्रायव्हर सर्टिफिकेट करंट यूजरच्या स्टोअरमध्ये आणून ठेवतो, पण की टोकनमधून बाहेर येत नाही, सही आतच होते आणि पिन लागतो. हा पिन विचारणारा बॉक्स विंडोज सर्व्हिसमधून कुणालाच दिसत नाही, सर्व्हिस आपली ताटकळत बसते. टोकन सर्व्हरला लावून घरून आरडीपीने (रिमोट डेस्कटॉप) आलात तरी ते सापडत नाही कारण त्या सेशनमध्ये टोकन वाचणारे रीडर तुमच्या समोरच्या मशीनचे बघितले जातात, आणि मग अकाउंट्सवाल्यांचा फोन येतो की टोकन खराब झालंय. आम्ही शेवटी सहीपुरती छोटी डेस्कटॉप युटिलिटी केली, जी टोकनवाल्याच्याच लॉगिनमध्ये चालते. त्यानंतर फोन बरेच कमी झाले.

विंडोजपुरतं बिनधास्त घ्या. लिनक्सवर जायचं असेल तर आधीच बघा, तिथे लोकल मशीनचं 'माय' उघडायला गेलात की सरळ एक्सेप्शन येतं.