रुंदावलेली महाधमनी, चुकणारे ठोके: चालावं की सायकल मारावी?

महाधमनी, म्हणजे हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी, रुंदावलेली, हृदयाचे ठोके मधूनच चुकतात आणि डॉक्टरांनी सांगितलंय, ‘मध्यम व्यायाम करा, वजनं उचलू नका.’ अशा माणसापुढे बहुधा दोनच पर्याय उरतात: भरभर चालणं किंवा घरातली व्यायामाची सायकल. पोहणं मी विचारातच घेतलं नाही. ठोके बिघडले तर पाण्यात थांबायचं कुठे? माझी महाधमनी 4.4 सेंटिमीटर रुंद आहे. शस्त्रक्रियेचा विचार साधारणपणे 5 ते 5.5 च्या दरम्यान सुरू होतो, म्हणजे अजून अंतर आहे. बीटा ब्लॉकर, म्हणजे ठोक्यांचा वेग आणि रक्तदाब कमी ठेवणारं औषध, चालू आहे. दोन्ही व्यायाम मी भरपूर केलेत.

चालण्याचं कौतुक मनापासून करावंसं वाटतं. हात मोकळे असतात, श्वास आपसूक चालतो आणि रस्त्यावर मी रुग्ण नसतो. छातीकडे सतत कान लावून बसणाऱ्याला ही सुटका फार मोलाची असते. सायकलवर ती मिळत नाही, समोर भिंतच असते.

सायकलचा खरा धोका मुठीत आहे. रेझिस्टन्स, म्हणजे पेडलवरचा भार, वाढवला की माणूस नकळत हँडल आवळतो, दातओठ खातो आणि श्वास रोखतो. त्याने रक्तदाब उसळतो, आणि महाधमनीला नको असतं ते नेमकं हेच. 1985 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात शरीरसौष्ठवपटूंचा रक्तदाब थेट धमनीत मोजला होता. पायांनी जड वजन ढकलताना वरचा आकडा 300 च्या पुढे गेला. सायकल म्हणजे ते वजन नव्हे, पण दिशा कळते. म्हणून सायकल घेणार असाल तर बोटं हँडलवर नुसती टेकवा आणि सीटवरून उठून पेडल मारू नका.

इथपर्यंत मला चालणंच बरं वाटत होतं. पारडं फिरलं ते थांबण्यावरून.

अवेळी येणाऱ्या ठोक्यानंतर हृदय क्षणभर थबकतं. तेवढ्यात ते जास्त भरतं आणि पुढचा ठोका धाडकन बसतो. असे चार-पाच लागोपाठ आले की पाय आपोआप थांबतात. पण श्रमानंतर एकदम स्तब्ध उभं राहिलं की रक्त पायांत साचतं, रक्तदाब खाली येतो आणि बीटा ब्लॉकरवर असणाऱ्याला गरगरायला लागतं. मग ठोके चुकल्यामुळे गरगरतंय की थांबल्यामुळे, हेच कळेनासं होतं. हा घोळ मला रस्त्यावर पुन्हा पुन्हा छळत राहिला. हळूहळू चालत राहावं हे माहीत असतं, पण चढावर हळू चालणंसुद्धा श्रमच असतात.

सायकलवर रेझिस्टन्सचा नॉब उलटा फिरवायचा आणि रिकामे पेडल मारत राहायचं. बसलेले असल्याने पडण्याची धास्ती नाही, पायांचे स्नायू रक्त वर ढकलत राहतात आणि बहुतेक वेळा ठोके त्यांचे ते जागेवर येतात. भार माझ्या हातात असतो. रस्त्यावर तो चढाच्या हातात होता. एट्रियल फिब्रिलेशनसाठी (ठोके सतत अनियमित पडण्याचा एक विकार) रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर न पडण्याचं महत्त्व आणखी वाढतं.

किती जोर लावायचा, हे दोन्हीकडे सारखंच. ‘220 वजा वय’ हे सूत्र बीटा ब्लॉकरवर लागू पडत नाही, आणि अवेळी ठोक्याची लाट कधी कधी मनगटापर्यंत पोहोचतच नाही, त्यामुळे घड्याळ कमी आकडा दाखवू शकतं. मी बोलून पाहतो. एक पूर्ण वाक्य न अडखळता निघालं तर ठीक, नाहीतर जोर कमी. छातीत किंवा पाठीत अचानक फाटल्यासारखी कळ आली किंवा शुद्ध हरपली, तर मात्र नॉब वगैरे काही नाही, थेट तातडीची वैद्यकीय मदत.

तुमचे ठोके क्वचितच चुकत असतील आणि रस्ता सपाट असेल, तर चालणं सोडा असं मी म्हणणार नाही. कदाचित तुम्हाला तेच मानवेल. श्रम करताना तुमचा रक्तदाब किती चढतो, हे स्ट्रेस टेस्टवर, म्हणजे व्यायाम करवून घेतल्या जाणाऱ्या हृदयाच्या तपासणीत, पाहता येईल का, एवढं तुमच्या डॉक्टरांना जरूर विचारा. आणि सायकल घ्यायची ठरलीच, तर दोन गोष्टी बसून तपासा: रेझिस्टन्स अगदी शून्यावर येतो का, आणि पाठ न वाकवता हात हँडलपर्यंत पोहोचतात का.