दहा हजार लक्सचा दिवा: सकाळी लावावा की संध्याकाळी?

झोपेची वेळ सरकवायला किंवा हिवाळ्यातली उदासी घालवायला ज्याच्यासमोर बसतात तो हा प्रखर दिवा; लक्स म्हणजे डोळ्यापर्यंत पोचणारा उजेड मोजायचं एकक. असा दिवा घ्यायचं ठरलं की सगळे आधी किंमत बघतात. माझं मत, आधी वेळ ठरवा. तोच दिवा सकाळी झोप अलीकडे ओढतो आणि रात्री पलीकडे ढकलतो.

डोळ्याच्या पडद्यात थोड्या पेशी अशा असतात की त्यांचं मुख्य काम बघणं नव्हे, उजेड मोजणं. त्यांच्यातलं मेलॅनोप्सिन हे रंगद्रव्य 480 नॅनोमीटरच्या आसपासच्या निळसर प्रकाशाला सर्वांत जास्त दाद देतं. त्यांचा निरोप जातो सुप्राकायझ्मॅटिक न्यूक्लियसकडे, म्हणजे मेंदूतल्या वीसेक हजार चेतापेशींच्या इवल्याशा पुंजक्याकडे. हेच शरीराचं घड्याळ. या चेतापेशी दिवसा जोरात चालतात, रात्री मंदावतात. दुपारच्या उजेडाने हे घड्याळ फारसं हलत नाही. रात्री किंवा पहाटे आलेला उजेड मात्र पेशींतली ‘पिरियड’ नावाची, हे घड्याळ चालवणारी जनुकं चाळवतो आणि काटा सरकतो.

कुठल्या बाजूला? नेहमीच्या जागं होण्याच्या दोन-तीन तास आधी शरीराचं तापमान तळाला जातं. उजेड त्याच्या आधी पडला तर झोपेची वेळ पुढे ढकलली जाते, नंतर पडला तर अलीकडे येते.

इथेच मी फसलो. तेव्हा मी तीनला झोपून अकराला उठायचो. शिस्त लावायची म्हणून सहाचा गजर लावला आणि चहा घेऊन दिव्यासमोर बसलो. आठवड्याभरात झोप चारवर गेली! भिंतीवर सहा वाजले होते, पण माझ्या मेंदूत अजून मध्यरात्र होती. मग अकराला उठल्या उठल्या बसायला लागलो आणि दर दोन-तीन दिवसांनी गजर थोडा अलीकडे घेत गेलो. तेव्हा कुठे जमलं.

हिवाळ्यातल्या उदासीसाठी सकाळच. 1984 साली नॉर्मन रोझेंथल आणि सहकाऱ्यांनी या आजाराचं वर्णन केलं. आता रूढ मात्रा 10,000 लक्स, अर्धा तास. लंडन-टोरांटोतल्या आपल्या मंडळींना दिवा खरंच कामाचा.

संध्याकाळ कोणासाठी? आठलाच पेंगणाऱ्या आणि तीनला टक्क जागे होणाऱ्या आजी-आजोबांसाठी. पण इथला पुरावा तितका भक्कम नाही. रात्रपाळीवाल्यांनी पाळीच्या पहिल्या भागात उजेड घ्यावा आणि घरी जाताना गडद चष्मा लावावा.

बायपोलर आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, सकाळचा तर नकोच. उन्मादाचा झटका येऊ शकतो. अशा रुग्णांवर दुपारच्या उजेडाचे प्रयोग झाले आहेत. डोळ्याच्या पडद्याचा विकार असेल तरी आधी विचारा.

आणि खोक्यावरचा 10,000 हा आकडा ठरावीक अंतरावरचा असतो, बहुतेक वेळा हातभराच्या आतला. खुर्ची मागे सरकली की तो धाडकन उतरतो.

पुण्यात असाल तर मी म्हणेन, दिवा घेऊच नका. ट्यूबलाइटच्या खोलीत जेमतेम काहीशे लक्स मिळतात. ढगाळ दिवशीही गच्चीवर त्याच्या कितीतरी पट. खुर्ची बाहेर टाका.