एसपीएफ५१८९झेड एलएनए बोर्ड: माल चांगला, पण नागपुरात एफएम फिल्टरसकटच घ्या

आरटीएल-एसडीआर डाँगलच्या (कॉम्प्युटरला लावायचा यूएसबी रेडिओ रिसीव्हर) पुढे, अँटेनाच्या बाजूला लावायला म्हणून सर्रास विकला जाणारा हा एलएनए, म्हणजे कमी नॉइजचा अँप्लिफायर बोर्ड. ५ व्होल्टवर साधारण ९० मिलिअँपिअर ओढतो, नॉइज फिगर (बोर्ड स्वतः किती गोंगाट मिसळतो ते) ०.६ डीबी, ९०० मेगाहर्ट्‌झवर गेन (सिग्नल किती वाढवतो ते) १८.७ डीबी. खाली एफएमच्या पट्ट्यात गेन याहून जास्तच मिळतो, आणि घोडं तिथेच पेंड खातं.

नागपुरात ९१.१, ९३.५, ९४.३, ९८.३ आणि विविध भारतीचं १००.६ अशी तगडी स्टेशनं शेजारी-शेजारी आहेत. ९४.३ आणि १००.६ मिसळली की १०६.९ वर (१००.६ ची दुप्पट वजा ९४.३) आणि ८८.० वर भूत स्टेशन उगवतं. ९१.१ आणि १००.६ चं पाचव्या ऑर्डरचं मिश्रण (१००.६ ची तिप्पट वजा ९१.१ ची दुप्पट) तर ११९.६ वर, म्हणजे थेट विमानांच्या पट्ट्यात गाणी! शिव्या बोर्डाला बसतात. पण चिपचा ओआयपी३ (असं मिश्रण न होऊ देता तगडे सिग्नल सोसण्याचं माप) ३९ डीबीएमच्या घरात, म्हणजे चांगला आहे. बहुतेक वेळा आधी मान टाकतो तो मागचा ८ बिटांचा डाँगल.

खात्री करायची तर एजीसी (गेन आपोआप बदलणारी सोय) बंद करा, गेन एकाच जागी ठेवा आणि ३ डीबीचा पॅड (सिग्नल तेवढा कमी करणारा तुकडा) एलएनए व डाँगलच्या मधे लावा. खरं स्टेशन ३ डीबीने उतरेल. १०६.९ चं भूत (तिसऱ्या ऑर्डरचं, म्हणून तिप्पट) ९ ने उतरलं तर ते डाँगलमध्ये तयार होतंय. ३ नेच उतरलं तर त्याच्या आधी. मग पॅड अँटेना आणि एलएनएच्या मधे न्या. आता ९ ने उतरलं तर दोष एलएनएचा. तरीही ३ नेच? गच्चीवरचा गंजलेला जोड शोधा, पावसाळ्यानंतर विशेषतः. तयार पॅड नसेल तर बर्डीवरून (सीताबर्डीच्या बाजारातून) रेझिस्टर आणा: मधे १८ ओहम, दोन्ही टोकांकडून ३००-३०० ओहम ग्राउंडला. पॅड लावलेला असताना बायस-टी (अँटेनाच्या वायरीतूनच बोर्डाला वीज देणारी सोय) बंद ठेवून बोर्डाला वेगळा सप्लाय द्या, नाहीतर व्होल्टेज पॅडमध्येच पडतं.

दोष डाँगलचा निघाला तर ८८-१०८ चा बँडस्टॉप (एफएमचा पट्टा अडवणारा) फिल्टर एलएनएच्या मागे लावा, नॉइज फिगर जवळपास तशीच राहते. एलएनएचा निघाला तर पुढेच लावावा लागतो; मग फिल्टरचा जेवढा लॉस, तेवढी नॉइज फिगर वाढलीच. एफएमच ऐकायचं असेल तर बोर्ड काढून ठेवा, शहरात त्याची गरजच नाही.

सप्लायही तपासा. लांब, बारीक यूएसबी वायरमुळे व्होल्टेज पडलं की चिपचा करंट घटतो आणि ओव्हरलोड लवकर होतो. मीटर चार्जरपाशी नाही, बोर्डाच्या पिनांवर लावा.