गटकर्ज, बचत गट की हंगामी कर्ज? आधी हप्त्याची तारीख विचारा

कर्ज म्हटलं की आपण आधी व्याज विचारतो. शेतकरी घराने त्याच्याही आधी विचारावं : पहिला हप्ता कधी?

पेरणीला घेतलेला पैसा बियाण्या-खतात जातो आणि पीक हाती यायला तीन-चार महिने लागतात. गटकर्जाचा, म्हणजे गटाने एकमेकांच्या हमीवर घेतलेल्या छोट्या कर्जाचा, हप्ता मात्र बहुतेकदा आठवड्या-दोन आठवड्यांत सुरू होतो. रोप दोन पानांवर असताना हा हप्ता येणार कुठून? एक तर दुसऱ्याच्या रानातल्या मजुरीतून, नाहीतर त्याच कर्जातून बाजूला ठेवलेल्या रकमेतून. म्हणजे न वापरलेल्या पैशावरही व्याज!

यात आश्चर्य नाही. अशी छोटी कर्जं रुजवणारे अर्थतज्ज्ञ मुहम्मद युनूस यांनी १९७६ मध्ये बांगलादेशातल्या जोब्रा गावात त्यांची सुरुवात केली ती बांबूची स्टुलं बनवणाऱ्या बायांपासून. माल विकला की पैसा हातात, तिथे आठवड्याचा हप्ता बसतो. दूध, अंडी, भाजीपाला असेल तर तुम्हालाही बसेल. नुसतं कोरडवाहू पीक असेल तर माझं मत स्पष्ट आहे, घेऊ नका. गरिबी हटण्याचं म्हणाल तर, भारत, इथिओपिया, मेक्सिको, मोरोक्को, मंगोलिया आणि बोस्निया इथले अशा छोट्या कर्जांवरचे सहा अभ्यास २०१५ मध्ये एकत्र छापून आले. धंद्याला थोडी मोकळीक मिळाली, पण घरांचं उत्पन्न सरासरीने फारसं वाढलेलं दिसलं नाही.

बचत गटात पैसा आपलाच फिरतो आणि व्याजही गटातच राहतं. नायजरमध्ये १९९१ मध्ये सुरू झालेल्या पद्धतीत वर्षअखेर सगळी पुंजी वाटून घेतात. ती वाटणी पेरणीच्या तोंडावर ठेवली तर कर्जाची गरजच कमी होते. अडचण एकच : दुष्काळ पडला की सगळ्यांना एकदमच पैसे लागतात आणि पेटी रिकामी होते.

हंगामी कर्ज, म्हणजे पिकाच्या हंगामाप्रमाणे घ्यायचं-फेडायचं कर्ज, मिळत असेल तर पहिली पसंती त्यालाच. मालीमध्ये पेरणीआधी देऊन सुगीनंतर एकरकमी फेडायचं कर्ज दिलं, तेव्हा घेणाऱ्यांनी शेतीत जास्त पैसा घातला. केनियात उलटं केलं, कर्ज दिलं सुगीच्या वेळी. त्यामुळे मका पडत्या भावात विकावा लागला नाही, ठेवून नंतर विकता आला. पण पीक गेलं तर एकरकमी फेड अंगावर येते. तेव्हा काय, हे सही करण्याआधी विचारून घ्या.

आता व्याज. 'फ्लॅट १२ टक्के' हे ऐकायला स्वस्त. पण वर्षभर आठवड्याला मुद्दल फेडत असताना व्याज पूर्ण रकमेवर लावलेलं असेल, तर खरा दर जवळपास दुप्पट पडतो. घटत्या शिलकीवरचा, म्हणजे फेडायच्या उरलेल्या मुद्दलावरचा, दर किती, एवढंच विचारा.

आणि ज्या घरात जमीन नाही, रोजचा घासही नक्की नाही, तिथे यातलं काहीच नको. ब्रॅक या संस्थेने २००२ पासून बांगलादेशात अशा घरांना आधी गाय किंवा शेळ्या दिल्या, काही महिने खर्चाला पैसे दिले, सुमारे दोन वर्षं माणूस घरी येऊन शिकवत राहिला. कर्जाची गोष्ट त्यानंतरची.