सात महिने, ४६ तास आणि सर्टिफिकेटवर अर्धंच आडनाव : ऑनलाइन सीई वर्गणीचा अनुभव

फेब्रुवारीतल्या एका रविवारी रात्री जेवणं आटोपल्यावर मी सर्टिफिकेटं छापायला घेतली. ऑक्टोबरपासून एका ऑनलाइन पोर्टलवर सीईचे, म्हणजे परवाना टिकवायला लागणाऱ्या निरंतर शिक्षणाचे, एकतीस तास झाले होते, चौदा कोर्सची चौदा सर्टिफिकेटं जमली होती आणि मी खुशीत होते. प्रिंटर एकेक पान बाहेर टाकत होता, मी ती तारखेप्रमाणे लावत होते. सातव्या की आठव्या पानावर नजर नावाकडे गेली. माझं नाव, मधे बाबांचं नाव आणि पुढे 'धर्माध'. पुढचं 'इकारी' गायब. मागची पानं पुन्हा काढून पाहिली. चौदाच्या चौदा पानांवर तेच.

धर्माधिकारी हे आडनाव इंग्रजीत तेरा अक्षरांचं आहे. पूर्ण नाव, मोकळ्या जागा धरून, २९ अक्षरांचं. या पोर्टलचा नावाचा रकाना २४ अक्षरांचा. पंचविसावं अक्षर टाइप केलं की तो काही सांगत नाही, लाल अक्षरांत काही येत नाही, नुसतं कापून टाकतो. लॉगिन केल्यावर वरच्या कोपऱ्यात फक्त पहिलं नाव दिसतं, म्हणून चार महिने मला पत्ताच लागला नाही.

मी अमेरिकेत इलिनॉय राज्यात कायरोप्रॅक्टर आहे, म्हणजे पाठीच्या, मानेच्या दुखण्यांवर हाताने उपचार करते; इथल्याच लोम्बार्डला शिकले. इथल्या नियमांची उजळणी करत बसत नाही, कारण वाचणाऱ्यांना ते पाठ असतील: तीन वर्षांत १५० तास, त्यातले किमान ६० कॅटेगरी १ मधले, म्हणजे मान्यताप्राप्त प्रायोजकाच्या कोर्सचे, आणि यंदाची मुदत ३१ जुलै २०२६. आपल्याला १९८७ च्या मेडिकल प्रॅक्टिस अ‍ॅक्टखाली 'कायरोप्रॅक्टिक फिजिशियन' म्हणून परवाना मिळतो, त्यामुळे तासही एमडींइतकेच लागतात. सांगलीचा धाकटा भाऊ एमबीबीएस आहे. त्याला हा आकडा सांगितला तर म्हणाला, "ताई, आम्हाला पाच वर्षांत तीस क्रेडिट लागतात, त्यातच आमची धावपळ होते." महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा हिशेब तसाच आहे. मला मात्र दीडशेचं ओझं वाटत नाही. माणसाच्या मानेला हात लावायचा तर शिकत राहायलाच हवं. रिन्यूअलच्या वेळी आपण सर्टिफिकेटं पाठवत नाही, 'तास पूर्ण केले' एवढंच लिहून देतो. नंतर ऑडिटमध्ये नाव निघालं तर ती मागतात. त्या दिवशी मी किती मन लावून शिकले याला साक्षीदार एकच, तो कागद. आणि त्या कागदावरचं नाव माझ्या परवान्यावर नाहीच.

एवढं सगळं असूनही मी ही वर्गणी का घेतली, ते आधी सांगते. पैशांसाठी. मागच्या दोन वर्षांत कॅटेगरी १ चे ३८ तास मी सेमिनारना जाऊन केले होते. शेवटच्या सेमिनारचा हिशेब वहीत लिहून ठेवला आहे: फी २८५ डॉलर, हॉटेलची एक रात्र १४०, पेट्रोल आणि टोल ३५. बारा तासांना ४६० डॉलर, म्हणजे तासाला अडतीसच्या वर. शनिवारी दवाखाना बंद राहिला तो वेगळाच. माझ्याकडे शनिवारीच सगळ्यात जास्त पेशंट असतात, कारण बहुतेक जण आठवडाभर नोकरीत अडकलेले असतात. या पोर्टलची वर्षाची वर्गणी २९९ डॉलर, कोर्स हवे तेवढे. आजपर्यंत ४६ तास झाले, म्हणजे तासाला साडेसहा डॉलर. यातला प्रत्येक डॉलर मी स्वतःच्या दवाखान्यातून काढते, दुसरं कोणी भरत नाही. हा फरक मला मोठा वाटतो.

एक गोष्ट मात्र पहिल्याच आठवड्यात खटकली. यादीतला प्रत्येक कोर्स कॅटेगरी १ चा नाही. मान्यताप्राप्त प्रायोजकाचे कोर्स वेगळे, आणि नुसतं वाचून उत्तरं द्यायचे कोर्स वेगळे. ते कॅटेगरी २ मध्ये धरावे लागतात. हे बारीक अक्षरांत कोर्सच्या पानाच्या तळाशी लिहिलेलं असतं. ४६ पैकी माझे ३२ तास कॅटेगरी १ चे निघाले. आधीचे ३८ धरून ७० झाले, त्यामुळे माझं भागलं. पण जिने सगळे साठ तास इथूनच करायचं ठरवलं असेल, तिने प्रत्येक कोर्सच्या तळापर्यंत जाऊन वाचावं.

शिकवण्याबद्दल माझं मत मधेच बदललं, तेही सांगायला हवं. ऑक्टोबरमध्ये मी ठरवलं होतं की रात्री स्वयंपाक करताना लॅपटॉप ओट्यावर ठेवायचा, कोर्स चालू राहू द्यायचा आणि शेवटी परीक्षा द्यायची. सक्तीचे कोर्स तसेच झाले: लैंगिक छळ प्रतिबंधाचा एक तास, नकळत बाळगलेल्या पूर्वग्रहांवरचा एक तास. बरे होते, पुढे गेले. मग मानेच्या रक्तवाहिन्यांवरचा चार तासांचा कोर्स लावला. पहिल्या वीस मिनिटांत गॅस बंद केला आणि वही घेऊन बसले.

शिकवणाऱ्या बाईंनी सुरुवात २००८ सालच्या ऑन्टारिओच्या अभ्यासापासून केली. कॅसिडी आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास 'स्पाइन' या नियतकालिकात आला होता. नऊ वर्षांतल्या व्हर्टिब्रोबॅसिलर स्ट्रोकच्या, म्हणजे मानेतून मेंदूच्या मागच्या भागाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांशी संबंधित स्ट्रोकच्या, ८१८ केस त्यांनी तपासल्या. ४५ वर्षांखालच्या रुग्णांत स्ट्रोकच्या आधी कायरोप्रॅक्टरकडे जाऊन आलेल्यांचं प्रमाण जास्त होतं. पण फॅमिली डॉक्टरकडे जाऊन आलेल्यांचंही तसंच जास्त होतं. अर्थ असा लावला गेला की रक्तवाहिनीचा आतला थर आधीच फाटलेला असतो, त्याने मान आणि डोकं दुखतं, आणि ते दुखणं घेऊनच माणूस कोणाकडे तरी जातो. आपल्या व्यवसायातले पुष्कळ जण हा अभ्यास ढालीसारखा पुढे करतात: बघा, आमच्यामुळे होत नाही. बाईंनी तो नेमका उलट्या बाजूने वाचला. तो माणूस आधीच फाटलेली रक्तवाहिनी घेऊन तुमच्या टेबलावर येणार असेल, तर मानेला हात लावण्याआधी ते ओळखणं हे तुमचं काम आहे. तुम्ही निर्दोष आहात हे सिद्ध झाल्याने त्याचा काही फायदा होत नाही.

हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्यातला नव्या पेशंटचा फॉर्म बदलला. चक्कर, दोन-दोन दिसणं, बोलताना जीभ जड होणं, गिळायला त्रास हे प्रश्न आधीपासून होते. पण 'असं डोकं किंवा मान आधी कधी दुखली होती का?' हा प्रश्न नव्हता. तो मोठ्या अक्षरांत सगळ्यात वर घातला, कारण आधी कधीच न झालेलं दुखणं हीच धोक्याची खूण असू शकते.

मार्चमध्ये चाळिशीच्या आतले एक गृहस्थ आले. घर बदलताना खोकी उचलली, तेव्हापासून तीन दिवस मान आणि एका बाजूचं डोकं दुखत होतं. त्या प्रश्नापुढे त्यांनी 'नाही, असं कधीच नाही' असं लिहिलं होतं. बोलताना चक्करही सांगितली. मी मानेला हात लावला नाही, त्यांना थेट इमर्जन्सीला पाठवलं. तिथे स्कॅन झाला, रक्तवाहिन्या नीट निघाल्या, काहीही नव्हतं. मग इमर्जन्सीचं बिल आलं आणि ते गृहस्थ माझ्याकडे परत आले नाहीत. पेशंट गेल्याचं मला वाईट वाटलं, बिलाचा आकडा ऐकून त्याहून जास्त वाटलं. पण उद्या तसाच माणूस आला तर मी पुन्हा तेच करीन. एरवी मी 'मानेचा स्नायू धरला आहे' असं म्हणून कामाला लागले असते, आणि ती खात्री मला कशाच्या जोरावर होती, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. हा एक कोर्स संपूर्ण वर्गणीच्या किमतीचा आहे. हे मी रागात असतानाही लिहिते आहे.

कंबरदुखी आणि एक्स-रेवरचा दोन तासांचा कोर्सही चांगला होता. धोक्याची लक्षणं नसतील तर नव्या कंबरदुखीत पहिले सहा आठवडे एक्स-रे काढू नका, हे अमेरिकन कायरोप्रॅक्टिक असोसिएशनने २०१७ मध्येच सांगितलं होतं. मी ते ऐकून होते, पण पहिल्या नोकरीत लागलेली सवय पूर्ण सुटली नव्हती. आता सुटली.

उलट, बिलिंग आणि कोडिंगचा कोर्स घेऊ नका. त्यातल्या स्लाइडवर कंबरदुखीसाठी अजून एम५४.५ हाच निदानाचा कोड आहे. तो १ ऑक्टोबर २०२१ ला बंद झाला, त्याच्या जागी एम५४.५०, एम५४.५१ आणि एम५४.५९ आले. नवी मुलगी नोकरीला लागली आणि हे ऐकून विमा कंपन्यांना क्लेम पाठवू लागली तर त्या कोडचे तिचे सगळे क्लेम परत येतील. मी पोर्टलवाल्यांना हेही कळवलं. उत्तर आलं, 'धन्यवाद, संबंधित टीमला कळवतो.' मे महिना चालू आहे, स्लाइड तीच आहे.

आता नावाचं. फेब्रुवारीतल्या त्या रविवारनंतर सोमवारी सकाळी पोर्टलच्या चॅटवर लिहिलं. ४८ तासांत दुरुस्त होईल असं सांगितलं गेलं. आठवडा गेला. पुन्हा लिहिलं, तर वेगळ्याच व्यक्तीने सल्ला दिला की मधलं नाव काढून टाका, मग आडनाव मावेल. तोडगा सोपा आहे, मान्य. पण माझ्या परवान्यावर मधलं नाव आहे, डिग्रीवर आहे, पासपोर्टवर आहे. मग सर्टिफिकेटवर ते का नसावं? आणि ते बाबांचं नाव आहे. बाबा एसटीत कंडक्टर होते. माझ्या इथल्या पहिल्या सेमिस्टरची फी त्यांच्या प्रॉव्हिडंट फंडातून भरली गेली. लग्नानंतरही मी नाव बदललं नाही, ते मुख्यतः याच कारणाने. पाच अक्षरं मावत नाहीत म्हणून मी ते पुसणार नाही, असं मी त्यांना जवळजवळ याच शब्दांत लिहिलं. त्यावर आपोआप येणारं उत्तर आलं.

तीन आठवडे मी कोर्स बंदच ठेवले. मग वाटलं, भांडण नावावरून आहे, वेळ मात्र माझाच जातोय, म्हणून पुन्हा सुरू केले. अकरा ईमेल झाल्यावर एप्रिलमध्ये एका बाईंचा फोन आला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. त्यांच्याविषयी माझी काही तक्रार नाही. त्यांनी हाताने नाव घालून चौदाही सर्टिफिकेटं नव्याने काढून पाठवली. उघडून पाहिली तर नाव पूर्ण, पण प्रत्येकावर तारीख १४ एप्रिल. एकतीस तास एकाच दिवशी. एका दिवसात तास किती असतात? ऑडिट करणाऱ्याने हे पाहिलं तर त्याचा माझ्या बाकीच्या कागदांवरचाही विश्वास उडेल, आणि त्यात त्याची चूक नसेल. मी ती सगळी परत पाठवली.

शेवटी मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात कंपनीच्या लेटरहेडवर सही असलेलं पत्र मिळालं. त्यात चौदाही कोर्सची नावं, मूळ तारखा, तास आणि माझं पूर्ण नाव आहे. कापलेल्या नावाची व्यक्ती आणि मी एकच, असंही त्यात लिहिलं आहे. ते पत्र मी जुन्या सर्टिफिकेटांच्या वर पिन करून ठेवलं आहे. फेब्रुवारीनंतरच्या पंधरा तासांचं तसं पत्र अजून आलेलं नाही. 'पुढच्या अपडेटमध्ये रकाना मोठा होईल' असं सांगितलंय. कधी, ते सांगितलेलं नाही.

गेल्या शनिवारी हा प्रकार फोनवर एका मैत्रिणीला सांगितला. ती तेलुगू आहे, तिचं नाव माझ्याहून लांब आहे आणि तिने हीच वर्गणी जानेवारीत घेतली आहे. तिने तिथल्या तिथे लॅपटॉप उघडला. तिचं तर शेवटचं नाव जवळजवळ पूर्णच गेलं होतं, नुसतं एक अक्षर उरलं होतं. ती २४ अक्षरांची मर्यादा ठरवणाऱ्याने कोणाची नावं डोळ्यांसमोर ठेवली असतील, ते मला दिसतं. पण परवाना देणाऱ्या खात्याच्या कागदावर आमची नावं पूर्ण आहेत. तिथे मावतात.

ऑक्टोबरमध्ये वर्गणी संपेल, तेव्हा आपोआप पैसे कापले जाऊ नयेत म्हणून कार्ड आत्ताच काढून टाकलं आहे. रकाना मोठा झाला तर पुन्हा घेईन, मानेच्या कोर्सचा पुढचा भाग येणार आहे असं ऐकलंय आणि तो मला हवा आहे. तुम्ही घेणार असाल तर २९९ डॉलर भरण्याआधी त्यांचा एक तासाचा फुकट कोर्स करा. सर्टिफिकेट डाउनलोड करा, स्क्रीनवर न पाहता कागदावर छापा, आणि परवाना शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून बघा. तारीखही बघा. माझे पंधरा तासांचे कागद आले की इथेच लिहीन.