पेशींचा थर अखंड सोडवायचाय? गॅमा, इलेक्ट्रॉन बीम की तयार डिश

पॉली-एन-आयसोप्रोपिलॲक्रिलअमाइड या पॉलिमरचं (लांब साखळ्यांच्या रेणूंचं) द्रावण सोलापुरात टेबलावर ठेवून बघा. डिसेंबरात नितळ, मे महिन्यात एसी बंद पडला की ताकासारखं पांढरं. साधारण ३२ अंशांच्या वर त्याच्या साखळ्या पाणी सोडून आकसतात, खाली पुन्हा फुलतात. पेशी वाढवायच्या डिशच्या तळाला त्या गॅमा किंवा इलेक्ट्रॉन बीमने पक्क्या बसवल्या की ३७ अंशांना पेशी चिकटतात आणि २० अंशांना सगळा थर सोलून निघतो, ट्रिप्सिनशिवाय, म्हणजे पेशी सुट्या करणाऱ्या एन्झाइमशिवाय. नुसतं सबकल्चर (पेशी सुट्या करून नव्या डिशमध्ये वाढवणं) करायचं असेल तर मात्र ट्रिप्सिनच बरं, उगाच खर्चात पडू नका.

टोकियोत तेरुओ ओकानो यांच्या गटाने १९९० साली हे दाखवलं ते इलेक्ट्रॉन बीमने, म्हणजे वेगवान इलेक्ट्रॉनच्या झोताने. डिशमध्ये मोनोमरचा (ज्या सुट्या रेणूंपासून पॉलिमर बनतो त्यांचा) पातळ थर पसरून त्यावर बीम सोडायचा. काम झटपट आणि थर एकसारखा. खरी मेख जाडीत आहे. पॉलिस्टायरीनवर, म्हणजे डिशच्या प्लास्टिकवर, १५ ते २० नॅनोमीटर जाडी जमते. ३०च्या पुढे गेलात तर वरच्या साखळ्या ३७ अंशांनाही ओल्याच राहतात आणि पेशी बसतच नाहीत. म्हणून जाडी हातात ठेवायला बीमच सरस.

कोबाल्ट-६० या किरणोत्सारी धातूची गॅमा किरणं आरपार जातात, एका वेळी बऱ्याच डिश होतात. पण द्रावणातही पॉलिमर तयार होतो, कधी सगळ्याचं जेलच होतं. ते रोखायला मोहर सॉल्ट (लोहाचा एक क्षार) घालतात, ऑक्सिजन काढायला नायट्रोजन सोडतात. शिवाय कोबाल्टचं अर्धायुष्य ५.२७ वर्षं, म्हणजे डोस रेट (ठरावीक वेळात मिळणारी किरणांची मात्रा) वर्षाला सुमारे १२ टक्क्यांनी उतरतो. सीनियरच्या वहीतले गॅमा देण्याचे तास जसेच्या तसे उतरवू नका.

धुण्याचं काम दोन्हीकडे चुकत नाही. उरलेला मोनोमर विषारी, तो राहिला तर पेशी मरतात. सुटा पॉलिमर फक्त थंड पाण्यात विरघळतो. एप्रिल-मेमध्ये गच्चीवरच्या टाकीतून येणारं पाणी आधीच ३२च्या वर, त्यात तो डिशलाच चिकटून बसतो. बर्फातलं डिस्टिल्ड पाणीच घ्या.

माझं मत विचाराल तर संशोधन पेशींवर असेल तेव्हा पॉलिमर आधीच बसवलेली तयार डिश मागवा, महाग पडली तरी. गॅमाची वाट पॉलिमर हाच विषय असणाऱ्यांनी धरावी, तीही गॅमा चेंबरवाल्या संस्थेशी आधी बोलणं करून. आणि कुठलीही डिश घ्या, २० अंशांचा कूलिंग इन्क्युबेटर लागेलच. आपल्याकडच्या मे महिन्यात ‘रूम टेंपरेचर’ला डिश बाहेर काढून ठेवली तर थर संध्याकाळपर्यंत हलायचा नाही.