सात दिवसांचा हलका आहार: काही महिने वापरल्यानंतर, सेलरीच्या जुडीसकट

मागच्या आठवड्यात बँकेचा मेसेज आला, पुन्हा पैसे कापले गेले. फोनवरच्या ॲपमधून हा आहाराचा प्लॅन घेतला होता, त्याच्या नावात 'सात दिवस' आणि वर्गणी मात्र महिनोन्महिने. पहिला आठवडा संपला की तो आपोआप मासिक होतो, ही ओळ अटींच्या पार तळाशी, फिकट करड्या अक्षरांत. चॅटवर तक्रार केली तर पलीकडून उत्तर आलं, 'तुमच्या निरोगी प्रवासात आम्ही सोबत आहोत.' सोबत नकोय हो, पैसे परत हवेत! बरीच हुज्जत घातल्यावर शेवटचा हप्ता परत मिळाला, त्याआधीचे गेले ते गेले. ज्यांनी कोणी असलं काही घेतलंय त्यांनी एवढं ध्यानात ठेवा: ॲप फोनमधून काढून टाकलं म्हणून वर्गणी थांबत नाही. ती ॲप स्टोअरमधल्या वर्गण्यांच्या पानावर जाऊन वेगळी रद्द करावी लागते.

तर पैसे गेलेच आहेत, निदान अनुभव तरी लिहून वसूल करावा म्हणतो. सणात आडवंतिडवं खाणं झालं, पँटचं बटण लागेना, तेव्हा पहिल्यांदा हा प्लॅन केला. मग घरातल्या एका लग्नानंतर पुन्हा, आणि त्यानंतर तुकड्यातुकड्याने चालूच आहे. यात काय असतं ते बहुतेकांना ठाऊक असेल. दिवसाला चौदाशे कॅलरी, तीन जेवणं, एक मधलं खाणं, साखर आणि तळण बंद, सोबत खरेदीची यादी. त्यात फार शिरत नाही.

आधी सेलरीचं बोलू, म्हणजे ती लांब हिरव्या दांड्यांची विलायती भाजी.

बुधवारच्या मसुराच्या सूपमध्ये 'सेलरी, १ दांडी' असं लिहिलंय. एक दांडी! त्यानंतर आख्ख्या आठवड्यात सेलरीचं नाव नाही. भाजीवाला एक दांडी देत नाही, जुडी देतो. खरेदीच्या यादीतही बिनदिक्कत 'सेलरी, १ जुडी' असंच आहे. म्हणजे ज्याने यादी केली त्याला उरलेली जुडी दिसत होती, फक्त ती त्याच्या फ्रीजमध्ये राहणार नव्हती. तीच गत लाल ढोबळी मिरचीची (पाव), कोबीची (अर्धा), नारळाच्या दुधाच्या डब्याची (चार चमचे). आईने यादी वाचली आणि विचारलं, "अरे, आणि उरलेल्या अर्ध्या कोबीचं काय लोणचं घालायचं?" प्लॅनकडे याला उत्तर नाही. प्रत्येक दिवस सुटा लिहिलाय, सोमवारचं मंगळवारला ठाऊक नाही. पौष्टिक खाण्याचा खर्च लोक म्हणतात तितका नसतो, असं माझं मत झालंय. खर्च होतो तो या उरलेल्या पाव-अर्ध्यांचा.

पहिल्या आठवड्यातली ती जुडी खालच्या खणात लोळत पडली, मऊ झाली, पानं पिवळी पडून तळाशी पाणी सुटलं. आमच्याकडे अन्न टाकताना घरातलं वातावरण तापतं, तसं ते तापलं. पुढच्या वेळी सेलरी ॲल्युमिनियमच्या फॉइलमध्ये सैलसर गुंडाळून ठेवली, तर बरीच टिकली. बंद प्लास्टिकच्या पिशवीत तिचाच इथिलीन वायू तिच्याभोवती कोंडतो आणि ती लवकर उतरते, फॉइलच्या फटींतून तो निघून जातो. उरलेल्या दांड्या चिरून फ्रीझरमध्ये टाकल्या. कच्च्या खाण्यालायक त्या राहत नाहीत, पण सूपला चालतात. ही एवढी माहिती प्लॅनमध्ये दोन ओळींत मावली असती. त्या जागी काय आहे? 'सेलरी पचवायला तिच्यात असतात त्यापेक्षा जास्त कॅलरी खर्च होतात!' साफ चूक. १०० ग्रॅम सेलरीत जेमतेम १५ कॅलरी असतात हे खरं, कारण तिच्यात जवळजवळ ९५ टक्के पाणीच असतं. पण मिश्र आहार पचवायला त्यातल्या ऊर्जेचा दहावा हिस्सा खर्च होतो, कुठल्या भाजीने तो शंभर टक्क्यांच्या वर जात नाही.

बरं, वजन. पहिल्या तीन-चार दिवसांत काटा जवळजवळ दोन किलोंनी खाली आला आणि ॲपने पडद्यावर कागदाचे रंगीत तुकडे उधळले. घरात सगळ्यांना काटा दाखवून झाला. आठवड्याच्या शेवटी तो हलेचना, आणि नेहमीचं जेवण सुरू केल्यावर त्यातला बराचसा भाग परत आला. ॲप यावर गप्प. यामागचं गणित साधं आहे आणि ते आधी सांगितलं असतं तर माझी चिडचिड निम्म्याने कमी झाली असती. शरीर पिष्टमय पदार्थांतली साखर ग्लायकोजेनच्या रूपात यकृतात आणि स्नायूंत साठवतं, मोठ्या माणसात साधारण ४०० ते ५०० ग्रॅम. प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. खाणं कमी केलं की हा साठा वापरला जातो आणि ते पाणी निघून जातं. त्यात सणाच्या खारवलेल्या, तळलेल्या खाण्यातलं मीठ बंद होतं, त्यानेही अडकलेलं पाणी सुटतं. झाले की दीड-दोन किलो. चरबीचा हिशेब वेगळा. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० कॅलरी. माझी गरज दिवसाला दोन हजारांच्या आसपास धरली तर चौदाशेवर राहून रोज सहाशे वाचतात, आठवड्याला ४,२०० म्हणजे जेमतेम अर्धा किलो. प्लॅन इमानेइतबारे पाळून मिळतं ते एवढं.

आणि हे काही कमी नाही, असं आता वाटतं. २००० साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एक अभ्यास आला होता. त्यात अमेरिकेतल्या १९५ प्रौढांचं वजन सणासुदीच्या हंगामात सरासरी ०.३७ किलोने वाढलेलं आढळलं. आकडा फुटकळ वाटतो, पण ती वाढ पुढच्या वसंतात-उन्हाळ्यात उतरली नाही. म्हणजे सणात वाढतं ते आपल्याला वाटतं त्यापेक्षा थोडं असतं, मात्र उतरवलं नाही तर बसून राहतं. या हिशेबाने एक आठवडा नीट खाल्लं तर खऱ्या वाढीची भरपाई होऊ शकते. बटण लागत नव्हतं ते बहुतेक पाण्याने आणि फुगलेल्या पोटाने.

पोटावरून आठवलं. आठवडाभर साखर-मैद्यावर राहिलेल्या पोटात एकदम कडधान्यं, कोबी आणि पालेभाजी लोटली की काय होतं ते सांगायची गरज नाही. ऑफिसात दुपारच्या मीटिंगा अवघड गेल्या. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला किमान २५ ग्रॅम तंतुमय पदार्थ आणि ४०० ग्रॅम भाज्या-फळं घ्यायला सांगते, प्लॅन ते दोन्ही पहिल्याच दिवशी गाठतो. आतड्यातल्या जिवाणूंना थोडी सवड द्यायला नको? आता मी पहिले दोन दिवस कडधान्याचं प्रमाण निम्मं ठेवतो. हरभरे रात्रभर भिजवून ते पाणी ओतून टाकतो, ताज्या पाण्यात शिजवतो. वायू करणाऱ्या रॅफिनोजसारख्या शर्करा बऱ्याचशा भिजवलेल्या पाण्यात उतरतात. फरक जाणवतो. घरच्यांनाही जाणवतो.

आता जी गोष्ट मला खरोखर गंभीर वाटते ती. शुक्रवारच्या पाककृतीत राजमा भिजवून 'स्लो कुकरमध्ये मंद आचेवर सहा तास' असं दिलंय. हे धोक्याचं आहे. कच्च्या राजम्यात फायटोहीमॅग्लुटिनिन नावाचा विषारी घटक असतो. तो नष्ट व्हायला राजमा किमान पाच तास भिजवून, ते पाणी टाकून, ताज्या पाण्यात खळखळून उकळावा लागतो, निदान दहा मिनिटं, अर्धा तास उकळला तर उत्तम. स्लो कुकरमध्ये तेवढं तापमान येईलच असं नाही. अर्धवट शिजलेल्या मोजक्या दाण्यांनीही उलट्या-जुलाब होऊ शकतात. प्रेशर कुकरमध्ये नीट शिजवलात तर काही प्रश्न नाही. मी हे चॅटवर कळवलं. उत्तर आलं, 'तुमच्या सूचनेबद्दल आभार.' पाककृती आज पाहिली, तशीच आहे.

दुसरं म्हणजे 'रविवारी शिजवा, आठवडाभर खा'. ऐकायला झकास. पण शिजवलेलं अन्न फ्रीजमध्ये तीन ते चार दिवस ठेवावं, त्यापुढे नाही. रविवारचं सूप शनिवारी खाणं म्हणजे नशिबाची परीक्षा. मी रविवारी केलेल्यातलं निम्मं लगेच लहान डब्यांत भरून फ्रीझरमध्ये टाकतो, डब्यावर चिकटपट्टी लावून तारीख लिहितो. भात तर आणखी जपून. शिजवून ओट्यावर तासन्तास राहिलेल्या भातात बॅसिलस सिरियसचे जिवाणू वाढतात, त्यांचं एक विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. कुठलंही शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये.

इथवर लिहून जेवायला उठलो. ताट वाढून घेताना पाहिलं तर अर्ध्या ताटात भाजी आणि कोशिंबीर, एका बाजूला उसळ, उरलेल्या चतकोरात भात. कोणी सांगितलं नव्हतं, हात आपसूक तसा वळला. तेव्हा सूर थोडा खाली आणतो. हे ताट प्लॅननेच लावलं. कल्पना त्यांची नाही, अर्धं ताट भाज्या-फळं, पाव प्रथिनं, पाव अख्खी धान्यं ही मांडणी हार्वर्डच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेने २०११ मध्ये चित्र काढून लोकांपुढे ठेवली. पण ती माझ्या ताटात या प्लॅनमुळे आली आणि टिकली. कॅलरी मोजणं मी कधीच सोडून दिलं. वजनकाटा माळ्यावर गेला, ताटाची वाटणी राहिली.

आणि ते बुधवारचं सूप! सेलरीवर मी इतकं तोंडसुख घेतलंय, पण सूप अप्रतिम आहे. कांदा, गाजर आणि ती एक दांडी बारीक चिरून थोड्या तेलात मंद परतायचं, कांदा पारदर्शक झाला पाहिजे, लाल नाही. मग मसूर, टोमॅटो, पाणी. वीसेक मिनिटांत मसूर फुटतो आणि सूप आपोआप दाट होतं. मीठ अगदी शेवटी आणि उतरवल्यावर लिंबू. लिंबाने मीठ कमी लागतं, हे मला या सूपने शिकवलं. दिवसाचं मीठ पाच ग्रॅमच्या आत ठेवा असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, दिवसभराचं सगळं धरून. बायकोने पहिला घोट घेतला आणि म्हणाली, "हे सण नसतानाही करत जा." आता आमच्याकडे ते जवळजवळ दर आठवड्याला होतं. सेलरी नसली तर नसली.

सकाळच्या नाश्त्याला अंडी किंवा उसळ ठेवलीय, तेही पटलं. अकरा वाजता डबा उघडायची जी खोड होती ती गेली. चार वाजताचं 'मूठभर सुकामेवा' मात्र हास्यास्पद आहे. मूठ कोणाची? माझ्या मुठीत बायकोच्या दुप्पट बदाम मावतात. 'डिटॉक्स पाण्या'बद्दल एकच: काकडी-लिंबाचं पाणी चवीला छान लागतं, जरूर प्या. शरीरातली घाण काढायचं काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात, सणातही करत होती.

एक तक्रार आणखी आहे आणि ती विनोदाची नाही. माझ्या वडिलांना रक्त पातळ ठेवायची वॉर्फरिनची गोळी चालू आहे. माझं बघून त्यांनीही करायचं ठरवलं. प्लॅनने वय, उंची, वजन विचारलं आणि रोज वाटीभर पालक लावून दिला. पालकात के जीवनसत्त्व भरपूर असतं आणि ते एकदम वाढलं की वॉर्फरिनचा परिणाम कमी होतो. अशा माणसाने पालेभाजी सोडायची नसते, पण रोजचं प्रमाण सारखं ठेवायचं असतं. नशिबाने डॉक्टरांची भेट त्याच आठवड्यात होती. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांनीही जेवण अचानक कमी केलं तर साखर घातक पातळीपर्यंत उतरू शकते. गरोदर बायका, खाण्याच्या विकारातून गेलेले लोक, यांच्यासाठी तर हा प्रकारच नाही. औषधं विचारणारा एक रकाना टाकायला किती खर्च येतो? रंगीत कागद उधळायला वेळ होता ना.

गुण द्यायचे तर पहिल्या महिन्यात पाचपैकी दोन दिले असते, आज साडेतीन देतो. अर्धा राजम्यासाठी कापला, एक वर्गणीसाठी. आणि हो, पैसे भरायच्या आधी त्यांची मोफत आवृत्ती बघून घ्या. मी वर्गणी रद्द केल्यावर तीच उघडते आहे. त्यात सातही दिवसांच्या पाककृती जशाच्या तशा आहेत, फक्त खरेदीची यादी नाही.